अनवाणी नेटी आणि चौथा खण

लिंडेनफेल्डमध्ये नेटी थीसन नावाच्या चार बाया होत्या. त्याला कुणाचा इलाज नव्हता. गावात आडनावंच मुळी नऊ, आणि पाळण्यातली नावं ओढूनताणून वीस. मग माणसं ओळखायची कशी, तर टोपणनावावरून. एक दूधवाली नेटी. एक चष्मेवाली नेटी. एक हसरी नेटी, जिला स्वतःच्या लग्नात वचन देताना हसू फुटलं होतं. आता ती पंच्याऐंशीची होती आणि हसणं सोडून तिला बरीच वर्षं झाली होती, तरी गावाच्या लेखी हसरीच. आणि चौथी अनवाणी नेटी.

ज्या मुलखात जानेवारीत दाराची कडी हातमोज्याशिवाय धरली तर बोटाची कातडी कडीला ठेवून यावी लागते, तिथे अनवाणी म्हणवून घ्यायला काहीतरी कारण लागतं. नेटीचं कारण तिचा धंदा होता.

हल्लीची नवी घरं आपल्या भिंतींच्या आत राहायला तयार नसत. जेवणघराची खिडकी दोन फूट पुढे यायची, दिवाणखान्याला कोपरा फुटायचा. या वाढलेल्या भागाखाली पाया नसतो. तुळया तळघराच्या भिंतीवरून बाहेर डोकावतात, त्यांच्यावर प्लायवूडची जमीन, जमिनीवर गालिचा, गालिच्यावर पियानो. आणि पियानोच्या बरोबर खाली, एवढ्याशा लाकडापलीकडे, थेट उत्तर ध्रुवाहून निघालेला वारा. गावात या भागाला 'पोट' म्हणत. नव्या घराला पोट सुटलं की सुना खूश होत आणि नेटीचा फोन वाजे.

नेटी यायची, घसरगाडीवर उताणी पडायची आणि पायाने रेटा देत घराखाली शिरायची. दोन तुळयांमधल्या प्रत्येक खणात, जिथे तुळई भिंतीवरून बाहेर पडते तिथे, फोमच्या जाड पाटीचा तुकडा कापून घट्ट बसवायचा, म्हणजे तळघरातली ऊबदार ओलसर हवा बाहेर पळत नाही. त्याच्या चारी कडा डब्यातल्या फोमने बुजवायच्या. मग काचलोकरीची गादी वर ढकलायची, अशी की ती जमिनीच्या पाठीला चिकटली पाहिजे. मध्ये बोटभरही पोकळी राहिली तर थंडी तिथे बिऱ्हाड करते. खालून वारा अडवणारं पण ओल बाहेर सोडणारं कापड, आणि शेवटी तळाच्या फळ्या. मग बाहेर यायचं, केसांतला बर्फ झटकायचा, घरात जायचं, बूट काढायचे, मोजे काढायचे आणि त्या पोटावर नागड्या पायांनी उभं राहायचं. तिचे तळवे जे सांगत ते कुठल्याही यंत्राने सांगितलं नसतं.

एकदा एका नव्या कंत्राटदाराने पोटाला खालून जाड प्लास्टिक गुंडाळलं होतं. नेटी त्याला म्हणाली, "बाळा, घराला रेनकोट उलटा घातलायस."

"ओल आत येऊ नये म्हणून घातलाय, तांते." तांते म्हणजे मावशी; वडीलधाऱ्या बाईला गावात सगळे तसंच म्हणत.

"ओल बाहेरून येतच नाही. माणसं आत बटाटे उकडतात, अंघोळी करतात, गाणी म्हणतात. ती सगळी वाफ खाली उतरून तुझ्या प्लास्टिकवर बर्फ होऊन बसणार. मार्चमध्ये घर मुतायला लागेल, तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस."

मार्चमध्ये तो आला. नेटीने त्याला कॉफी पाजली आणि दर वाढवून सांगितला.

हा धंदा तिच्या नवऱ्याचा, याशचा. ती त्याची मदतनीस. नऊ वर्षांपूर्वी याश गेला, आणि दफनाच्या तिसऱ्या दिवशी फोन आला की पेनरांच्या नव्या घराचं पोट उघडं पडलंय. तिने काळा झगा उतरवला, याशची विजार चढवली, खालून दोन घड्या मारल्या आणि निघाली. तेव्हापासून दोनशेच्या वर पोटं. एकही थंड नाही. हे ती स्वतः कधी बोलत नसे, कारण बढाई मारणं पाप; पण दुसरं कुणी बोललं तर आकडा दुरुस्त करून द्यायची.

तर, शहाण्णव सालच्या त्या नाताळात तिचा मुलगा लॉर्न तिच्या डोक्याकडे पाहत म्हणाला, "आई, केस कुठे गेले?"

नेटीची पाऊणशे सेंटिमीटरची पांढरी वेणी गायब होती. कानापाशी कापलेले केस चहूबाजूंनी उभे होते.

"कापले."

"कुणी?"

"फास्टांच्या म्हातारीने. मेंढ्यांच्या कात्रीने." आता लपवण्यात अर्थ नव्हता. "त्यांच्या घराखाली होते. फोमचा डबा जरा जास्त दाबला गेला. वेणी तुळईला चिकटली. तो फोम एकदा फुगून सुकला की दगड."

"किती वेळ चिकटली होतीस?"

"फार नाही. म्हातारी गाण्याच्या तालमीला गेली होती, ती येईपर्यंत."

"म्हणजे किती?"

"तास. वर थोडी मिनिटं."

लॉर्नची बायको शार्लीन तोंडावर रुमाल धरून स्वयंपाकघरात पळाली. तिथून भांड्यांचा आवाज आला, पण भांडी कुणी घासत नव्हतं.

लॉर्न हसला नाही. तो शाळेत गणित शिकवायचा आणि हसण्याआधी बेरीज करायचा. "उणे अठ्ठावीस होतं त्या दिवशी. बासष्ट वर्षांची बाई एकटी घराखाली केसांनी टांगलेली. आई, आता पुरे. सोड हे काम."

"सोडून काय करू?"

"गोधड्या शिव. सगळ्या शिवतात."

"मला गोधड्या येत नाहीत. मी शिवलेली गोधडी मिशनच्या लिलावात माझ्याच बहिणीने दयेपोटी घेतली."

"आई, तू थकलीयस. वय झालं की हात चुकतो. आज वेणी चिकटली, उद्या काय?"

हात चुकतो, हे नेटीला लागलं. वेणीचं काय, वेणी हाताने थोडीच चिकटली होती. ती ताडकन म्हणाली, "तुझ्या नव्या घराचं पोट ऑक्टोबरात मीच केलं ना? तुझ्या नव्या घरात पहिलं फास्पा कधी आहे?"

"बारा जानेवारीला. रविवारी." फास्पा म्हणजे रविवारच्या दुपारचा पाव-कॉफीचा फराळ.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्या पोटावर अनवाणी उभी राहीन. एक खण जरी थंड लागला तरी पुन्हा कुणाच्याही घराखाली शिरणार नाही. शब्द दिला."

शब्दच, कारण पैज लावणं पाप. लिंडेनफेल्डमध्ये कुणी पैज लावत नसे; माणसं एकमेकांना शब्द देत आणि मग अख्खं गाव कोण जिंकतं ते बघत बसे.

"आणि थंड लागलं की नाही हे कोण ठरवणार?" लॉर्नने विचारलं.

"माझे पाय."

लॉर्नने विचार केला. आई आयुष्यात एकदाही खोटं बोललेली त्याला आठवत नव्हती. त्याची प्रगतिपुस्तकं गावभर सांगतानासुद्धा नाही. "चालेल," तो म्हणाला.

*

बारा जानेवारीला सकाळी खिडकीबाहेरचा पारा उणे छत्तीसवर होता आणि वारा उत्तरेचा. नेटीला याहून चांगला दिवस मिळाला नसता. उणे दहाला कुणाचंही पोट गरम असतं.

दुपारी तीनपर्यंत लॉर्नच्या दारात बुटांचा डोंगर झाला. नव्या घराचं पहिलं फास्पा म्हणजे आमंत्रण लागत नाही. टेबलावर दुमजली पाव होते, एक मोठा आणि त्याच्या डोक्यावर एक छोटा. पोरं वरचा छोटा खुडून खात आणि खालचा गुपचूप परत ठेवत. चीज, जॅम, काकडीचं लोणचं, आणि कॉफी इतकी की चमचा उभा राहील. एकोणचाळीस माणसं मोजे घालून नव्या गालिच्यावरून फिरत होती आणि येऊन-जाऊन त्या पुढे काढलेल्या खिडकीकडे बघत होती. शार्लीनने मुद्दाम तिथला गालिचा गुंडाळून ठेवला होता. लाकडी जमीन, आठ फूट लांब, दोन फूट रुंद, चकचकीत. खाली सहा खण.

"बर्फाची बादली आणू का, नेटी? नंतर पाय शेकायला," दूधवाली नेटी म्हणाली.

"तू गाईंचं बघ," अनवाणी नेटी म्हणाली.

गर्दीच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून डीड्रिख हीबर्ट उभा होता. सरकारी ग्रेडर चालवायचा तो. उन्हाळ्यात खडीचे रस्ते सपाट करायचा, हिवाळ्यात त्यावरचा बर्फ ओढायचा. सहा वर्षांपूर्वी बायको गेलेली. गालात कायम सूर्यफुलाच्या बिया, म्हणून बियावाला हीबर्ट. आज गाल सपाट होता. त्याने नेटीकडे पाहून मान हलवली, आणि नेटीने घाईने दुसरीकडे पाहिलं. मग आपण घाईने पाहिलं हे कुणी पाहिलं का, ते पाहिलं.

वेळ मोजायला घड्याळ नको, असं तांते साराहने ठरवलं. तांते साराह म्हणजे चर्चमधल्या गाण्याची सूत्रं गेली चाळीस वर्षं हातात ठेवणारी बाई. "सोळा कडव्यांचं घेऊ. पहिलं कडवं सुरू झालं की नेटीने डाव्या टोकाला उभं राहायचं, शेवटचं संपेपर्यंत उजव्या टोकाला पोचायचं. कुणी घाई करायची नाही. विशेषतः पुरुषांनी."

नेटी खुर्चीवर बसली. लोकरीचे मोजे काढले, त्याखालचे पातळ मोजे काढले. दोन गुलाबी, रुंद, टाचांना भेगा पडलेले पाय एकोणचाळीस माणसांपुढे आले. ती उठली आणि डाव्या टोकाला उभी राहिली. तांते साराहने बोट उचललं.

ही माणसं गातात तेव्हा भिंतीला कान लावावा. बायकांचे दोन सूर, पुरुषांचे दोन सूर, मध्ये कुठलंही वाद्य नाही. खालचा सूर गालिच्यातून, तळव्यांतून वर येतो. पहिला खण. नेटीच्या पायाखाली लाकूड कोमट होतं, नुकत्याच काढून ठेवलेल्या पावासारखं. बाहेर उणे छत्तीस घोंगावत होतं आणि तिच्या तळव्यांना त्याची खबरही नव्हती. तिला गुदगुल्या झाल्यासारखं हसू यायला लागलं. तिने वरच्या सुरात गाणं सुरू केलं.

तिसऱ्या कडव्यात दुसरा खण. कोमट. सहाव्यात तिसरा. कोमट. समोर लॉर्नचा चेहरा हळूहळू ढिला पडत होता. बेरीज चुकल्याचं कबूल करायला तो तयार होत होता. पोरं तिच्या पायांकडे बघत जमिनीवर पालथी पडली होती. तांते साराहचं बोट वर-खाली होत होतं. सगळं घरच जणू पुढे झुकून, पोट फुगवून गात होतं, आणि नेटीला वाटलं, आपण आणखी वीस वर्षं हे काम करू, ब्याऐंशीव्या वर्षी घसरगाडीला चाकं लावून घेऊ.

नवव्या कडव्यात तिने चौथ्या खणावर पाय ठेवला.

थंड.

थोडं नव्हे. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, नदीच्या बर्फावर उभं राहावं तसं. तिने पाय अर्धी वीत डावीकडे सरकवला. कोमट. परत आणला. थंड. सोळा इंच रुंदीची एक पट्टी, सुतळीने आखून काढावी तशी. म्हणजे लोकर खचलेली नाही, कापड फाटलेलं नाही. भिंतीवरचा मागचा फोमचा तुकडाच नाही. तळघराची हवा चौथ्या खणातून सरळ बाहेर, आणि बाहेरचा वारा सरळ आत.

कडवं चालू होतं. नेटीचं तोंडही चालू होतं. कुणालाच काही कळलं नव्हतं, आणि कळणारही नव्हतं. आणखी दोन पावलं आणि ती पाचव्यावर. तिचे पाय तिचे होते. लॉर्न हरला असता आणि तिचं काम तिच्याकडे राहिलं असतं. उद्या शाळेच्या वेळात गुपचूप येऊन खण दुरुस्त करता आला असता. हे सगळं तिच्या मनात दहाव्या कडव्याच्या पहिल्या दोन ओळींत येऊन गेलं.

तिसऱ्या ओळीत ती गायची थांबली. तिचा वरचा सूर बंद पडताच बाकीच्यांचं गाणं लंगडं झालं, आणि मग एक-एक करत सगळे गप्प झाले.

"इथे थंड आहे," नेटी म्हणाली.

"कुठे?" लॉर्न म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद अजिबात नव्हता.

"चौथ्या खणात. मागचा तुकडा राहिलाय. माझ्या हातून राहिला."

"पण आई, तू तर कधीच..."

"हो. कधीच नाही. आता झालं." ती खाली वाकून मोजे चढवू लागली. "शब्द दिलाय तो दिलाय. आता घराखाली नाही जायची."

"कसा काय राहिला पण?" तांते साराहने विचारलं. तिला अर्धवट राहिलेलं काहीच सहन होत नसे, ना गाणं, ना गोष्ट.

नेटीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि आखूड केसांमुळे कानही झाकले जाईनात. "राहिला," ती म्हणाली. "कॉफी गार होतेय."

कसा राहिला ते तिला मोजे चढवतानाच आठवलं होतं. ऑक्टोबरातली दुपार. तिसरा खण बंद करून ती चौथ्यासाठी तुकडा कापून भिंतीला टेकवत होती, तेवढ्यात ग्रेडर येऊन थांबला. डीड्रिख उतरला आणि म्हणाला, लॉर्नच्या अंगणाचा रस्ता सपाट करायला आलोय. रस्ता तर त्याने आदल्याच दिवशी सपाट केला होता. मग तो उलट्या बादलीवर बसला. आकाशातून बदकांच्या रांगा दक्षिणेला चालल्या होत्या आणि तो सांगत होता की ग्रेडरच्या उंच खुर्चीतून गावातल्या प्रत्येकाच्या चुली कधी पेटतात ते दिसतं, आणि तुझी सगळ्यांत आधी पेटते, नेटी, मी तीच बघून घड्याळ लावतो. त्यावर ती काय म्हणाली ते तिला आठवत नव्हतं. त्याने उठून खालून कापड धरलं, तिने टाचण्या मारल्या, आणि दोघं चौथा, पाचवा, सहावा खण हसत-हसत संपवून मोकळे झाले. संध्याकाळी गाडीत फोमचा एक तुकडा उरला. जास्तीचा कापला गेला वाटतं, असं म्हणून तिने तो घरी नेला. तेव्हापासून तिच्या ओट्यावर त्या तुकड्यावर गरम कॉफीची किटली असे.

*

सोमवारी शाळेला बर्फाची सुट्टी पडली. लॉर्न स्वतःच खण उघडायला निघाला, कारण बाहेरून माणूस बोलवायचा तर पंधरा दिवस लागणार, आणि शार्लीनला आता त्या जागेवरून चालतानाही थंडी वाजत होती. नेटी तळघरात होती. लोणच्याच्या बरण्यांच्या फळीशेजारी स्टूलवर चढून ती आतून सूचना देत होती. तळघराला छत अजून ठोकलं नव्हतं. तुळया उघड्या होत्या आणि चौथ्या खणातून फडकं हलेल एवढा वारा येत होता.

"डावीकडची फळी आधी," ती त्या भोकात तोंड घालून ओरडली. "कापड सुरीने काप. हळू. लोकरीत गोठलेला बर्फ असेल, तोंडावर घेऊ नकोस."

बाहेरून धप्प आवाज आला. मग, "आई."

"तोंडावर घेतलास ना?"

"आई, हे काय आहे?"

"बर्फ."

"बर्फ तर आहेच. बर्फात टरफलं आहेत. सूर्यफुलाची. चांगली दोन मुठी."

नेटीने भोकातून तोंड मागे घेतलं.

"आई, तुला कवळी आहे. तू बिया खात नाहीस."

नेटीने फडकं उचललं आणि लोणच्याची एक बरणी पुसायला घेतली. बरणी स्वच्छच होती.

बाहेर लॉर्न घसरगाडीवर पडल्या-पडल्या बेरीज करत होता. बेरीज फार अवघड नव्हती. मग घराखालून असा आवाज यायला लागला की शार्लीन दचकून खिडकीशी आली. तिला वाटलं नवऱ्याला काही लागलं. तो हसत होता. लॉर्नला इतकं हसताना तिने लग्नानंतर दोनदाच पाहिलं होतं, आणि तेही दोन्ही वेळा वेगवेगळ्या शिक्षणाधिकाऱ्यांमुळे. तो तसाच हसत, भुवयांवर बर्फ घेऊन आत आला आणि भिंतीवरचा फोन उचलला.

"ओम डीड्रिख?" ओम म्हणजे काका. "लॉर्न बोलतोय. तुमचं काहीतरी आमच्या घरात राहिलंय." थोडा वेळ ऐकून तो म्हणाला, "नाही, टोपी नाही. या तर खरं."

ग्रेडर अकरा मिनिटांत आला, आणि येताना वाटेतला रस्ता साफ करायचंही विसरला. लॉर्नने डीड्रिखच्या हातात सुरी आणि लोकरीची नवी गादी दिली. "आई आतून सांगेल. मी कॉफी टाकतो," एवढं म्हणून तो घरात गेला आणि त्याने शार्लीनला दंडाला धरून खिडकीपासून लांब नेलं.

डीड्रिख घराखाली शिरला. उंच माणूस, त्याचे गुडघे बाहेरच राहिले. मग त्या सोळा इंच रुंद, नऊ इंच उंच भोकातून नेटीला त्याचं तोंड दिसलं, बर्फाळ, उलटं, घाबरलेलं.

"नमस्कार, नेटी."

"टरफलं आत का टाकलीस?"

"तुझ्यासमोर थुंकायचं कसं?" डीड्रिख म्हणाला.

या मुलखात माणसं बियांची टरफलं ट्रकमध्ये थुंकतात, बाजारात थुंकतात, सासऱ्याच्या अंगणात थुंकतात. चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा, वर कुणाचं लक्ष नाही असं बघून. नेटीने त्याचं उत्तर नीट ऐकून घेतलं आणि बरणी खाली ठेवली.

"तुझ्यामुळे माझं काम गेलं," ती म्हणाली.

"काल मी दारातच उभा होतो. रात्रभर तेच घोळत होतं. मी दोष माझ्यावर घेऊ का? चर्चमध्ये उभा राहून सांगतो."

"काही नको. तांते साराह सोळा कडवी लावेल." ती हसली, आणि तिच्या हसण्याची वाफ खणातून बाहेर गेली आणि त्याच्या भुवयांवर जाऊन गोठली. "गादी वर ढकल. अजून. लाकडाला टेकली पाहिजे. कडेला दाबू नकोस, दाबली की तिची ऊब जाते. हं. बोटं आत घालून बघ पोकळी आहे का."

"नाही."

"खालच्या बाजूनेही बघ. शपथेवर?"

"आपण शपथा घेत नाही, नेटी."

"मग नुसतं हो म्हण."

"हो."

काम त्याने चांगलं केलं. ग्रेडरवाल्याला सपाट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आता आतून मागचा तुकडा बसवायचा राहिला होता. नेटीने तो पिशवीतून काढला. त्यावर किटलीच्या बुडाचा गोल डाग होता.

"थांब जरा," डीड्रिख म्हणाला. "हा तुकडा बसवलास की तुझा आवाज मला येणार नाही आणि माझा तुला. मग मला आत येऊन सगळ्यांसमोर बोलावं लागेल, आणि ते मला जमायचं नाही. म्हणून आत्ताच विचारतो."

"विचार. पण लवकर. शार्लीनची लोणची गोठतील."

"तू शब्द दिलायस की घराखाली शिरणार नाहीस. मी असा शब्द कुणाला दिलेला नाही. फेब्रुवारीत मी ग्रेडर सोडतोय, वय झालं. मी खाली शिरतो. तू वरून तुझे ते पाय लावून सांग कुठे काय राहिलंय. आतून सांग, वरून सांग, रागावून सांग."

नेटीने थोडा वेळ विचार केला. शब्दात कुठे भोक पडतंय का, तेही तपासून पाहिलं. पडत नव्हतं. ती घराखाली जाणार नव्हती. "हे कामाचं झालं," ती म्हणाली.

"हो. आता दुसरं."

"दुसरं काय?"

त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. "काम फक्त आठवड्याचे पाच दिवस असतं," तो म्हणाला. "मी शनिवार-रविवारचंही विचारतोय. संध्याकाळचंही. म्हणजे एकंदरीतच."

वर स्वयंपाकघरात एक पाऊल अडखळलं आणि थांबलं. कुणीतरी जमिनीला कान लावला होता. तो लॉर्न की शार्लीन, हे नेटीला चालीवरून कळलं, पण ती काही बोलली नाही. तिला एकाएकी आपले आखूड केस आठवले आणि ते नीट करायला हात वर गेला, तेव्हा त्या हातात फोमचा तुकडा होता.

"डीड्रिख."

"हं."

"हो. आता मागे हो, मला हा बसवायचाय."

तुकडा खणात गच्च बसला, एका ठोक्यात. तिने कडेने फोम मारला, थोडासाच, आणि मान आठवणीने लांब ठेवून. फोम फुगला, पिवळा झाला, भेग मिटली. बाहेरचा आवाज बंद झाला. तळघरात अचानक एवढी शांतता झाली की बरण्यांतला शेपूचा वास सुद्धा ऐकू येईल.

ती वर आली. लॉर्न गॅसपाशी पाठ करून उभा होता, फारच मन लावून कॉफी ढवळत; कॉफीत साखर नव्हती.

"फेब्रुवारीत श्रोएडरांच्या पोटाचं काम आहे," नेटी म्हणाली. "आम्ही दोघं जाणार. मी घराखाली शिरणार नाही."

"शब्द म्हणजे शब्द," लॉर्न म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही, कारण त्याचं तोंड त्याच्या ताब्यात नव्हतं.

नेटीने खिडकीपाशी खुर्ची ओढली, मोजे काढले आणि चौथ्या खणावर पाय ठेवले. दारात बुटांची धडपड झाली. डीड्रिख आत आला, मोज्यांवर, हात चोळत, आणि येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. मग तोही खाली वाकला, एका हाताने भिंतीला धरून त्याने आपला एक मोजा काढला आणि लांब, हाडकुळं, निळसर पाऊल तिच्या पावलाशेजारी ठेवलं.

"थंडच आहे की," तो म्हणाला.

"लाकडाला वेळ लागतो," नेटी म्हणाली. "दुसराही काढ."